जुन्या रॅमसोबत वेगळ्या कंपनीची नवी रॅम लावली अन् निळा स्क्रीन यायलाय, मिक्स केल्यामुळंच का?

जिंतूर_ग्राफिक्स

नमस्कार मंडळी. जिंतूरला माझं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बायोडाटा, फ्लेक्सची डिझाईन आणि सोबत ऑनलाईन फॉर्म भरून देणं. कॉम्प्युटर एकच आहे आणि घर त्याच्यावरच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहायलो, वेळ असला तर पूर्ण वाचा.

मशीन २०२१ मधी घेतलेली. प्रोसेसर आय फाईव्ह १०४००, बोर्ड एच४१०, रॅमचे दोनच स्लॉट, त्यातल्या एकात पहिल्यापासून ८ जीबी डीडीआर४ (रॅमचा प्रकार), २६६६ स्पीडची स्टिक. दुसरा स्लॉट घेतल्यापासून रिकामाच. आता झालं असं की कोरल उघडं, फोटोशॉप उघडं, क्रोममधी पंधरा-वीस टॅब आणि टास्क मॅनेजरमधी मेमरी ९३ टक्के. गिऱ्हाईक समोर बसलेलं अन् इकडं कर्सर गोल गोल फिरायलाय. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून कुठल्या कुठं गेलेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं जुनी काढून १६ ची नवी जोडी घ्यायची ऐपत नव्हती, जुनीच्या जोडीला अजून एक ८ ची घ्यावी असं ठरवलं. परभणीला गेलो, तिथं सेम कंपनीची नव्हती अन् २६६६ ची पण नव्हती. दुकानदार म्हणला आता ३२०० चीच येते, लावा बिनधास्त, चालते. आणली, लावली, चालू झाली, १६ जीबी दाखवलं, मला लई आनंद झाला.

दोन दिवसांनी निळा स्क्रीन. रीस्टार्ट केलं, संध्याकाळी परत. एकदा मेमरी मॅनेजमेंट असं लिहून आलं, एकदा पेज फॉल्ट असं काहीतरी. आणि काल तर एका पत्रिकेची कोरलची फाईल सेव्ह केलेली सकाळी उघडतच नाही, करप्ट म्हणतंय. मुलीकडच्यांनी नावं तीन वेळा तपासून दिली होती, लग्न पंधरा दिवसांवर आहे, सगळी पत्रिका रात्री परत बसून केली.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणायलाय की तुम्ही जुनीसोबत मिक्स केली म्हणून होतंय, माझ्या रॅमचा दोष नाही. माझे दोन प्रश्न. एक, ३२०० ची रॅम घेतली तरी टास्क मॅनेजरमधी स्पीड २६६७ कामून दाखवतंय, मला फसवलं का? दोन, मिक्स केल्यानं खरंच असं होतं का, का रॅमच खराब दिली?

वसमतकर

दादा मिक्स करूच नका. माझं नेट कॅफे होतं, दहा मशीन होत्या, मी एकच नियम पाळला, एका मशीनमध्ये एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, शक्यतो एकाच बॉक्समधली जोडी. ज्या ज्या मशीनमध्ये कारागिराने मिळेल ती रॅम घातली तिथंच त्रास झाला. नवी परत करा अन् जुनीचाच नंबर बघून तसलीच शोधा, ऑनलाईन मिळेल.

लातूरचा_हार्डवेअरवाला

जिंतूरकर भाऊ, आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण त्यात फसवणूक काहीच नाही आणि विनाकारण त्या दुकानदाराशी वाद होईल.

रॅमशी बोलायचं काम आजकाल बोर्ड करत नाही, प्रोसेसरच्या आतच मेमरी कंट्रोलर असतो. तुमचा १०४०० हा प्रोसेसर डीडीआर४ ची रॅम २६६६ च्या वर चालवत नाही, आणि एच४१० बोर्डात ती मर्यादा ओलांडायची सोय पण नाही. याच पिढीतल्या आय सेव्हनला २९३३ चालते, आय थ्री अन् आय फाईव्हला २६६६. म्हणजे तुम्ही ३२०० ची एकटी लावली असती तरी २६६६ वरच चालली असती. वरून तुमची जुनी स्टिकच २६६६ ची आहे. दोन वेगळ्या स्पीडच्या स्टिका लावल्या की बोर्ड दोघींनाही जमेल असा स्पीड धरतो, टायमिंगचं, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचं पण तसंच, जिचं ढिलं तिच्या हिशोबानं दुसरी चालते. बैलजोडीत एक बैल हळू असला तर गाडी त्याच्याच चालीनं जाते तसं समजा. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, एसपीडी म्हणतात, तिच्यात त्या स्टिकचा सगळा बायोडाटा लिहिलेला असतो, चालू होताना बोर्ड तो वाचतो आणि ठरवतो. हे रोजचं काम आहे त्याचं, त्यात मशीन खराब होत नाही. सीपीयू झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर १३३३ दिसेल, घाबरू नका, डीडीआर म्हणजे दुप्पट, १३३३ चे दोन धरायचे.

दुसऱ्या प्रश्नाला आत्ता उत्तर देणार नाही, कारण तुम्ही अजून तपासलंच नाही. मिक्सचं नाव पुढं करणं सगळ्यात सोपं असतं, दुकानदाराला पण आणि आम्हा रिपेअरवाल्यांना पण. मी पंधरा वर्षं हे काम करतोय, माझ्याकडं मिक्स रॅमच्या शेकड्यानं मशीन चालू आहेत. आणि अशाही आल्यात की एकाच बॉक्समधल्या जोडीतली एक स्टिक पहिल्याच दिवशी मेलेली.

असं करा. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, पेनड्राईव्हवर टाका, त्याच्यावरून मशीन चालू करा आणि आधी दोन्ही स्टिका आहेत तशाच ठेवून रात्रभर चालू द्या. लाल ओळी आल्या की चुका आहेत. एक जरी चूक आली तरी ती चूकच, रॅममध्ये थोड्या चुका चालतात असं काही नसतं. आणि तोवर कृपा करून महत्त्वाची फाईल या मशीनवर सेव्ह करू नका, रॅममध्ये बिघडलेला मजकूरच एसएसडीवर लिहिला जातो, तुमची पत्रिका तशीच गेली असणार. एसएसडीला दोष देऊ नका.

जिंतूर_ग्राफिक्स

लातूरकर साहेब लई उपकार झाले, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. आज रात्री लावतो. इकडं रात्री लाईट जाते कधीकधी, इन्व्हर्टरवर मशीन चालते, टेस्ट मधीच बंद पडली तर काही नुकसान होतं का?

लातूरचा_हार्डवेअरवाला

काही होत नाही, टेस्ट फक्त परत पहिल्यापासून लावावी लागेल. डिस्कवर ते काहीच लिहीत नाही.

उदगीर_गुरुजी

विषय निघालाच आहे तर शाळेच्या लॅबचा अनुभव लिहितो, कारण खेड्यातल्या बऱ्याच शाळांत अजून इंटेलच्या चौथ्या पिढीच्या डीडीआर३ वाल्या मशीनच आहेत आणि तिथं मिक्सपेक्षा वेगळीच अडचण येते.

आमच्याकडं बारा मशीन, एच८१ बोर्ड, प्रत्येकीत ४ जीबी. पालकांनी वर्गणी करून दिली म्हणून आम्ही ८ च्या सेकंडहँड स्टिका मागवल्या. बारापैकी सातच चालू झाल्या. पाच मशीनवर स्क्रीन काळा, बीप बीप बीप. मला वाटलं ४ आणि ८ एकत्र चालत नाही. मग जुनी ४ काढून फक्त ८ लावून बघितली, तरी काळाच. म्हणजे मिक्सचा संबंध नव्हता. टेबलावर सगळ्या स्टिका ओळीनं मांडल्या आणि पोरांना चिपा मोजायला लावल्या. चालणाऱ्या सातींवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा होत्या. न चालणाऱ्या पाचांतल्या तीनवर आठच, एकाच बाजूला. नंतर समजलं की इंटेलचे चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर डीडीआर३ च्या एका चिपमध्ये ४ गिगाबिटपर्यंतच ओळखतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). ८ जीबी आठच चिपांत बसवली तर प्रत्येक चिप ८ गिगाबिटची होते आणि ती या मशीनला कळतच नाही.

उरलेल्या दोनवर चिपा सोळाच होत्या तरी चालेनात. त्यांच्या विक्रेत्याच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं की फक्त एएमडी बोर्डसाठी. तसल्या डीडीआर३ स्टिका खूप स्वस्त मिळतात, आतली चिपांची जुळणी वेगळी असते, इंटेलवर चालत नाहीत. घेताना कुणीच वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं, आणि वर्गणीचे पैसे असल्यामुळं दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी विक्रेत्याने पाचही बदलून दिल्या.

अजून एक, तीन मशीनमध्ये १२ जीबी लावली तरी वापरायला सव्वातीनच जीबी दाखवत होतं. विंडोज ३२ बिटचं होतं. ३२ बिटच्या साध्या विंडोजला ४ जीबीच्या पुढचं वापरताच येत नाही. ६४ बिट टाकलं, लगेच पूर्ण दिसलं.

गोदाकाठ_नांदेड

गुरुजी तुमची पोस्ट सेव्ह करून ठेवली, चिपा मोजायचं डोक्यातच आलं नसतं कधी.

मी नांदेडहून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला सामान आणायला जात असतो, आमच्याकडून मुंबईपेक्षा ते जवळ, रेल्वेनं थेट जाता येतं. मिक्सबद्दल माझं मत मधलं आहे. ऑफिस, टॅली, शिकवणीवाले, घरगुती, यांना मिक्स करून द्यायला मला काही वाटत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. पण चोवीस तास चालणारी मशीन असली, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, हिशोबाचा सर्व्हर, तिथं मी जोडीच घालतो.

सेकंडहँड घेताना अजून एक बघा. सर्व्हरमधून निघालेली रॅम खूप स्वस्त असते आणि दिसायला सेम असते, पण स्टिकवर मधोमध एक जास्तीची चिप असते, रजिस्टर म्हणतात तिला. ती साध्या डेस्कटॉपच्या बोर्डावर चालत नाही.

बीडची_अकाउंटंट

माझा छोटा प्रश्न मधेच विचारते, राग मानू नका. घरून टॅली आणि एक्सेलची कामं करते, मशीन आय थ्री आठव्या पिढीचं, ४ जीबीची एकच रॅम. भावाकडं ८ ची पडून आहे, डीडीआर४ च आहे. ४ आणि ८ लावली तर चालेल का? एकानं सांगितलं की सारख्या साईझची नसेल तर ड्युअल चॅनल होत नाही, उलट मशीन हळू होतं.

लातूरचा_हार्डवेअरवाला

ताई लावा, हळू होणार नाही. ड्युअल चॅनल म्हणजे प्रोसेसरकडून रॅमकडं जाणारे दोन रस्ते, प्रत्येक ६४ बिटचा. दोन्ही स्लॉट भरले की दोन्ही रस्ते चालू. साईझ वेगळी असली तर इंटेलमध्ये फ्लेक्स मोड असतो, ४ मधले ४ आणि ८ मधले ४ अशी ८ जीबी दोन्ही रस्त्यांनी चालते, वरची उरलेली ४ एकाच रस्त्यानं. टॅली आणि मोठ्या एक्सेलला ४ वरून १२ झालं की जो फरक पडेल तो तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

फक्त भावाकडची स्टिक डेस्कटॉपचीच आहे ना हे बघा. लॅपटॉपची आखूड असते, बसणारच नाही. आणि डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खालच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळं चुकीची बसत नाही. बसत नसली तर जोर लावायचा नाही. आमच्याकडं एकानं डीडीआर४ च्या स्लॉटात डीडीआर३ ठोकून बसवली होती, बोर्डच गेला.

संभाजीनगर_रायझन

मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर पीसी बनवलाय, रायझन ५६००जी प्रोसेसर, बी४५० बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पहिल्यांदा ८ ची एकच स्टिक घेतली होती, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे टायमिंगचा आकडा, जितका मोठा तितकं ढिलं). नंतर मित्राकडून दुसऱ्या कंपनीची ३६०० सीएल१८ घेतली. माझ्या केसमध्ये फरक खूप मोठा पडला कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एका रस्त्याचे दोन रस्ते झाले की गेममध्ये लगेच दिसतं.

पण पहिल्या दिवशी मी फार घाबरलो होतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडवर चालवायचं तयार प्रोफाईल, चालू केलं आणि स्क्रीन काळा, पंखे फिरतायत पण काहीच नाही. सिनिअरनं सांगितलं ते असं की अशा रॅमच्या डब्यावर जो मोठा आकडा असतो तो एक्सएमपीचा असतो, १.३५ व्होल्टवर चालणारा, आणि त्याशिवाय ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर साध्या १.२ व्होल्टला चालू होते. मी एका स्टिकचं प्रोफाईल निवडलं की बोर्ड तेच टायमिंग दुसरीलाही लावायला जातो आणि दुसरीला ते झेपत नाही. मग पॉवर काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं काढून ठेवला, सगळं मूळ सेटिंगला आलं. नंतर हातानं ३२०० टाकलं, १.३५ व्होल्ट, टायमिंग सीएल१८ ढिलंच ठेवलं. मेमटेस्ट रात्रभर, शून्य चुका. सात महिने झाले, एकदाही बंद पडलं नाही.

म्हणून मिक्स करणाऱ्यांना सांगणं आहे की एक्सएमपी चालू करायच्या आधी दोन्ही स्टिका साध्या स्पीडवर नीट चालतात का ते बघा.

वसमतकर

वरचं सगळं वाचलं. मी अडून बसलेलो नाही, पण माझा मुद्दा तोच आहे की जोडी घेतली तर हा सगळा उपद्व्यापच करावा लागत नाही. माझ्या कॅफेत पोरं परीक्षेचे फॉर्म भरायची, शेवटच्या दिवशी मशीन बंद पडलं तर त्याचं वर्ष जायचं. तिथं मी जोखीम कशी घेणार?

लातूरचा_हार्डवेअरवाला

वसमतकर साहेब तुमचं चूक नाही, आणि फॉर्मवाली गोष्ट मला पटली. डब्यातली जोडी कंपनीनं सोबत तपासून दिलेली असते, हातात पैसे असतील तर मी पण तीच सांगतो. पण सेम मॉडेल नंबरची स्टिक वर्षभरानं सुटी घेतली म्हणजे जोडी झाली असं धरू नका. कंपनी तीच, स्टिकर तेच, आत मात्र आधी सॅमसंगच्या चिपा होत्या आणि आता हायनिक्सच्या किंवा मायक्रॉनच्या, असं सर्रास होतं. म्हणजे तीही एका अर्थानं मिक्सच झाली. त्यामुळं जिंतूरकरांनी महाग भावात जुना नंबर शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

जिंतूर_ग्राफिक्स

टेस्ट झाली मंडळी. रात्री साडेनऊला लावली, अकराच्या सुमाराला बघितलं तर स्क्रीनचा खालचा अर्धा भाग लाल. चुका ४१२ अन् मोजणं चालूच. हातपाय गार पडले. मिक्सनंच झालं म्हणायचं का आता? का नवी परत करू?

लातूरचा_हार्डवेअरवाला

थांबा, परत करू नका अजून. दोन्ही सोबत असताना चुका आल्या यावरून फक्त एवढं कळलं की कुठंतरी दोष आहे. आता चार टेस्ट करायच्या. जुनी एकटी पहिल्या स्लॉटात, नवी एकटी पहिल्या स्लॉटात, मग जुनी एकटी दुसऱ्यात, नवी एकटी दुसऱ्यात. चारही निकाल कागदावर लिहा. स्टिक काढताना पॉवरची वायर भिंतीतून काढा, नंतर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या आणि मगच स्टिकला हात. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी असते की अंगातली स्टॅटिक वीज स्टिकला लागू शकते. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, कडेनं धरा.

गोदाकाठ_नांदेड

आणि बसवताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. डीडीआर४ ची खालची कड मधी किंचित फुगीर असते, एक टोक बसलं अन् दुसरं अर्धं राहिलं असं फार होतं. खटका ऐकू आला पाहिजे.

जिंतूर_ग्राफिक्स

दुकान बंद ठेवून आज दिवसभर हेच केलं. बायको म्हणली एवढं तर लग्नाच्या सीझनला पण बसत नाही. निकाल लिहितो.

जुनी, पहिला स्लॉट: दोन फेऱ्या, शून्य चुका.
नवी, पहिला स्लॉट: दोन फेऱ्या, शून्य.
जुनी, दुसरा स्लॉट: चार मिनिटांत लाल.
नवी, दुसरा स्लॉट: दहा मिनिटांत लाल.

म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या आहेत ना? दोष स्लॉटचा?

लातूरचा_हार्डवेअरवाला

बरोबर ओळखलं. दोन्ही स्टिका चांगल्या, मिक्सचा काही संबंध नाही, दुकानदारानंही चांगलाच माल दिलाय. दुसऱ्या स्लॉटाच्या रस्त्यात अडचण आहे. त्याची तीन कारणं मी बघितलीत. एक, स्लॉटात कचरा किंवा गंज. दोन, प्रोसेसरवरचा पंखा एका बाजूनं जास्त आवळला गेला की प्रोसेसरखालच्या पिनांवर दाब कमीजास्त होतो आणि एक चॅनल नीट जोडला जात नाही. तीन, सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली. पहिल्या कारणापासून सुरू करा, तुमचा तो स्लॉट इतकी वर्षं उघडा होता म्हणालात ना? टॉर्च मारून आत बघा.

जिंतूर_ग्राफिक्स

साहेब, टॉर्च मारला आणि मला स्वतःलाच वाईट वाटलं. माझ्या दुकानासमोर कापसाची खरेदी चालते, दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत टेम्पो लागलेले असतात, हवेत बारीक तूस उडत असतं. रिकाम्या स्लॉटात डाव्या टोकापासून मधल्या खाचेपर्यंत ते तूस धुळीसोबत बसून वाळून असं झालं होतं की राखाडी वात घातल्यासारखी. स्टिक बसायची, खटका पण वाजायचा, पण खाली ती वात दाबली जायची. शेजारच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून त्याचा मऊ ब्रश अन् आयपीए (साफ करायचं अल्कोहोल) आणलं. लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं ती वात उचलली, बोटाएवढी लांब निघाली, फोटो काढून ठेवलाय. मग ब्रशला आयपीए लावून दोन्ही बाजूच्या पिना पुसल्या, हातपंप ब्लोअरनं हवा मारली, अर्धा तास वाळू दिलं. दोन्ही स्टिकांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या, जुनीवर तर काळी रेघ होती ती गेली. पंख्याचे चारही खटके बसलेले आहेत ते दाबून बघितलं.

आत्ता दोन्ही लावून टेस्ट चालू केलीय. अर्धा तास झाला, अजून लाल नाही. सकाळी लिहितो.

उदगीर_गुरुजी

तुमची टेस्ट चांगली जावो. आमच्या लॅबमध्ये आता रिकाम्या स्लॉटांवर कागदाची घडी करून झाकण बसवायला सुरुवात करतो उद्यापासून.

लातूरचा_हार्डवेअरवाला

गुरुजी कागद नको, त्याचा पण भुसा होतो आणि ओल धरतो. कॅबिनेटच्या जाळीला आतून बारीक नेट लावा आणि दर दिवाळीला अन् उन्हाळी सुट्टीत एकदा हवा मारा, तेवढं पुरतं.

संभाजीनगर_रायझन

टेस्ट होईपर्यंत एक विचारतो, मित्र डीडीआर५ वाली मशीन घेतोय, रायझन ७६०० प्रोसेसर, आत्ता १६ च्या दोन आणि पुढच्या वर्षी अजून दोन टाकायच्या म्हणतोय. चालेल ना?

लातूरचा_हार्डवेअरवाला

त्याला सांगा असं करू नको. त्या प्रोसेसरला दोन स्टिकांवर ५२०० चा स्पीड कंपनी सांगते आणि चार लावल्या की ३६०० वर येतो. डीडीआर५ मध्ये चार स्टिका म्हणजे मिक्स नसलं तरी कंट्रोलरवर ताण येतो. जेवढी लागणार आहे तेवढी पहिल्यांदाच दोन स्टिकांत घे, पैसे नसतील तर थोडं थांब. आणि पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो, मेमरी ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबू नको म्हणावं.

जिंतूर_ग्राफिक्स

सकाळचे सात वाजलेत. मधी पावणेतीनला लाईट गेली होती पण इन्व्हर्टरनं धरलं. चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. हिरव्या अक्षरात पास लिहून आलंय.

परभणीच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं की तुमची रॅम चांगली आहे, मी रागानं बोललो होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो पण म्हणला मी तपासल्याशिवाय मिक्सचं नाव घ्यायला नको होतं. बिल मात्र जपून ठेवा म्हणला, कंपनीची लाईफटाईम वॉरंटी आहे.

कोरल, फोटोशॉप अन् सगळे टॅब उघडून बघितले, मेमरी ५८ टक्के. पत्रिका छापायला गेली. वसमतकर साहेब, तुमचं फॉर्मवालं बोलणं लक्षात आहे, परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की त्याच्या आदल्या रविवारी परत एकदा टेस्ट लावणार.

वसमतकर

मन हलकं झालं वाचून. माझ्या कॅफेतल्या त्या त्रास देणाऱ्या मशीन मी कधी अशा एकेक स्लॉट करून तपासल्याच नव्हत्या. दोन अजून माळ्यावर आहेत, या रविवारी खाली काढतो.

बीडची_अकाउंटंट

माझी पण ४ आणि ८ चालू झाली, १२ जीबी दाखवतंय, स्पीड २४०० आहे म्हणजे आय थ्रीच्या हिशोबानं बरोबर असावं. मार्चएंडच्या आत झालं हे फार बरं झालं. फक्त एक विचारायचं राहिलं, खोडरबर कुठला वापरायचा? घरी मुलाचा निळा-लाल आहे.

लातूरचा_हार्डवेअरवाला

ताई तो निळा-लाल नको, त्याची निळी बाजू खरखरीत असते, पट्टीवरचा सोन्याचा थर घासला जातो. साधा पांढरा मऊ घ्या, एकाच दिशेनं हलका फिरवा, भुकटी ब्रशनं झाडा. आणि तुमच्या मशीनची चिंता नको, आठव्या पिढीच्या आय थ्रीला २४०० च असतो.